चार बोटं जास्त

या देशातल्या सगळ्या पँटी माझ्यापेक्षा चार बोटं उंच.
तीन वर्षं दुमडून घातल्या,
सेफ्टी पिना, चिकटपट्टी,
एकदा तर वॉर्डातला स्टेपलर.
फेब्रुवारीत पिन टाचेत घुसली
तेव्हा ठरवलं, मशीन घ्यायचं.

रात्रपाळीत बसून यादी केली:
दोनशे दहा प्रकारचे टाके,
फुलं, बदकं, मुळाक्षरं,
आपला दोरा आपणच ओवणारी सुई,
आणि चुकलं की सांगणारा एक छोटा पडदा.
चुकलं की सांगणारे मला कमी नाहीत,
तरी तेच आवडलं.

हडर्सफील्डच्या उतारावर, किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी
डोरीन साइक्सबाईंचं दुकान.
पूर्वी त्या लोकरीच्या गिरणीत होत्या.
सुटाच्या कापडावरून बोटं फिरवायची,
तुटका धागा लागला की सुईने परत विणीत घालायचा,
असा, की कापडालाही आठवू नये.
माझी यादी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली.
"बदकं कशावर काढणार?"
मी गप्प.
"बरं, शिवणार काय?"
मी पाय पुढे केला.

त्या खाली बसल्या, दुमड उलगडली, चार बोटं लावून पाहिली.
उठताना गुडघा वाजला.
उजवा, आतल्या बाजूने झिजलेला.
माझा धंदाच तो, पण बोलले नाही.

पहिलं मशीन गुलाबी, एका हातात मावणारं.
वेग दिला तसं टेबलावरून चालायला लागलं, थेट दाराकडे.
"याला घरी जायचंय," बाई म्हणाल्या.
दुसरं काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, हाताने फिरवायचं.
माझा जीवच जडला.
"उचल."
उचललं नाही.
"राहतेस कुठे?"
तिसऱ्या मजल्यावर, म्हटलं. लिफ्ट नाही.
तिसरं जुन्या फ्रिजच्या रंगाचं.
सरळ टाका, नागमोडी, काज, आणखी पाच.
सुईच्या उजवीकडे कुणीतरी आधीच्या बाईने
नेलपॉलिशची लाल रेघ मारलेली,
इथवर कापड ठेव, असं स्वतःलाच सांगायला.
पंचाऐंशी पौंड. बदकं नाहीत.

दोरा ओवलाच नाही. सुईखाली रेघांचा कागद सारला.
"दाब. हळू."
हा पाय ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालाय,
ते सांगायची वेळ निघून गेली होती.
कागदभर भोकं, वाट चुकलेल्या मुंग्यांची रांग.
"परत."
परत.
"सुईकडे काय बघतेस? तिला येतं तिचं काम.
कापड कुठे चाललंय ते बघ."
सातव्या ओळीला रेघ आणि भोकं भेटली, वीतभर सोबत चालली,
मग आपापल्या गावाला गेली.

घरी आले, पँट टेबलावर पसरली.
कात्री लावायला चहाचे दोन कप लागले.
वरून टीप सुरेख,
खाली दोऱ्याचं घरटं.
साडेआठला फोन केला.
"दोरा ओवताना दाबाचा पाय वर उचलला होतास?"
"नाही."
"मग उसव."
पलीकडे टीव्ही चालू होता, कपात चमचा फिरत होता.
फोन ठेवला नव्हता त्यांनी. मी उसवत होते तोवर.

सोमवारी तीच पँट घालून कामावर गेले.
डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर वर.
कुणाला दिसलं नाही.
फक्त मिस्टर हर्स्ट, खुबा बदललेले,
दोन दांड्यांमधून मान खाली घालून चालत होते.
थांबले.
"पोरी, तुझाही एक पाय आखूड झाला की काय?"
हो म्हटलं.
आणि आम्ही दोघं खिडकीपर्यंत
जाऊन आलो.